हंडा ज्याच्या घरी

सांता क्लारा
९ सप्टेंबर २०२४

आदरणीय गुरुनाथकाका,
सप्रेम नमस्कार.

मी निधी करडे. करंजबंदर तांबट पंचमंडळीच्या अमेरिकेतल्या शाखेची नवी सेक्रेटरी. तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि ईमेल तुम्ही उघडतच नाही, असं तुमच्याकडचे आपले खजिनदार राजेशदादा म्हणाले, म्हणून हे कागदावरचं पत्र. शाळा सुटल्यापासून मराठीत एवढं पहिल्यांदाच लिहितेय, तेव्हा चुका पोटात घाला.

येत्या जूनमध्ये शाखेला पंचवीस वर्षं होतील. सॅन होजेच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम ठरलाय आणि तिथं ‘तांब्याचा वारसा’ असं छोटं प्रदर्शन मांडायचं आहे. आपली मंडळी यादवांच्या काळापासूनची, असं माझी आई सांगते. पुरावा विचारला की चिडते. तिचं माहेर करंजबंदरच्या तांबट आळीतलं, त्यामुळे तिच्या मते तांबटांच्या आधी जगात फारसं कोणी नव्हतंच. त्या सगळ्या वारशातली एकच वस्तू समुद्र ओलांडून इकडे आली, मंडळीचा हंडा. तो सध्या तुमच्याकडे आहे. आम्हाला द्याल का? काचेच्या पेटीत ठेवू, शेजारी माहिती लावू. पॅकिंगचा माणूस आम्हीच पाठवू, तुम्हाला उचलावाही लागणार नाही.

शाखा आता शिष्यवृत्त्या देते, आजारपणात मदत करते, इथं शिकायला येऊन एकट्या पडलेल्या मुलांना जेवणाचे डबे पोचवते. लोकांनी हंडा पाहिला तर त्यांना कळेल की हे काम आजचं नाही, फार जुनं आहे. कळवा.

आपली,
निधी

आयसेलिन, न्यू जर्सी
२१ सप्टेंबर २०२४

चि. निधीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. चुका पोटात घातल्या. या वयात तेवढ्याच पचतात.

हंडा मिळणार नाही. रागावू नकोस, कारण सांगतो. हंडा ठेवायची वस्तू नाही, न्यायची आहे. मंडळीचा नियम असा, की ज्या घरी शेवटचं मरण झालं, हंडा त्या घरी राहतो. पुढचं बोलावणं जिथून येईल तिथं त्या घरच्या माणसानं तो स्वतःच्या हातानं न्यायचा. ज्याचं दुःख सगळ्यात ताजं, त्यानंच दुसऱ्याच्या दुःखाला जायचं. त्यात पाणी तापवायचं, आंघोळीला द्यायचं, मग घरात काहीतरी शिजून सगळ्यांच्या पोटात जाईपर्यंत थांबायचं. जात विचारायची नाही. आज चूल पेटली का, एवढंच विचारायचं. हंडा तिथंच सोडून रिकाम्या हातानं परत यायचं. ही आपली धर्मादाय संस्था. बाकी शिष्यवृत्त्या वगैरे तुम्ही मागाहून जोडलेल्या, चांगल्याच आहेत.

माझ्याकडे तो २०१९ च्या दिवाळीनंतर आला. माझी बायको सुलेखा तेव्हा गेली. मग महामारी आली. माणसं तर पुष्कळ गेली, पण कोणी कोणाच्या घरात पाऊल टाकू शकत नव्हतं, तर हंडा कोण मागणार? नंतर मागायची सवयच गेली. आता सगळं फ्युनरल होमवाले करतात आणि फुलं फोनवरून जातात. हंडा माझ्या दिवाणखान्यात खिडकीशी बसून आहे.

दर आठवड्याला मी तो चिंच लावून घासतो. ओक ट्री रोडवरचा दुकानदार मला विचारतो, काका, एवढ्या चिंचेचं करता काय? अचानक बोलावणं आलं तर काळाकुट्ट हंडा घेऊन जायचं का? आता यातली अडचण बघ. बोलावण्याची वाट पाहणं म्हणजे कोणाच्या तरी मरणाची वाट पाहणं. तशी मी बघत नाही. पण फोन उशाशी असतो. ऐकू येत नाही, त्याचा दिवा लागतो तो दिसतो.

कानांचं म्हणशील तर लहानपणी वडिलांशेजारी बसून पत्र्यावर हातोडी चालवली. तांबट म्हातारा झाला की बहिरा होतो. आमची पेन्शन हीच.

तुझा,
गुरुनाथ वडके

सांता क्लारा
६ ऑक्टोबर २०२४

काका, नमस्कार.

तुमचं पत्र मी व्हिडिओ कॉलवर आईला वाचून दाखवलं. तिनं आधी तुमची बाजू घेतली आणि मग मला झापलं. “हंडा काचेत ठेवतात का कुठे? बोहारीण आहेस का तू?” अलीकडे तिची तब्येत बरी नसते, डायलिसिस चालू आहे, पण हंड्याचं नाव काढताच उशी सरकवून उठून बसली. म्हणाली, हंडा आला की दाराची कडी वाजवत नाहीत, हंड्यावरच टोला देतात, कारण आतले तांबट बहिरे. त्यांना तो टोला जमिनीतून, पायांना कळतो. आणि हंडा सोडून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत. मी म्हटलं, आई, हे कोणत्याच दुःखाच्या घरी म्हणत नाहीत. तर म्हणाली, हो, पण आपण सुरू केलं. हे काही मी पुस्तिकेत घालणार नाही.

पुस्तिकेसाठी बाकीचे नियम लिहून द्याल का? आणि हंड्याचं पुन्हा विचारते, चिवट आहे मी. पॅकिंगवाला नको. तुम्हीच घेऊन या, एक दिवस मांडू, तुम्हीच परत न्या. तिकीट शाखा काढेल.

खरं सांगायचं तर तुमच्या पत्राची मी वाटही बघत होते. माझी रूममेट जुलैत लग्न करून ऑस्टिनला गेली. मी घरूनच काम करते. दिवसभर मीटिंगमध्ये बोलबोल बोलते आणि संध्याकाळी लक्षात येतं, आज आपण कोणाशीच बोललो नाही.

निधी

आयसेलिन
२८ ऑक्टोबर २०२४

चि. निधीस आशीर्वाद.

तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. बाई खरी आळीतली दिसते.

नियम वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडले आहेत. त्यात नसलेला एक इथं लिहितो. वाटेत हंडा हातावेगळा करायचा नाही. बैलगाडीतसुद्धा माणसं मांडीवर घेऊन बसायची. आणि बोलावल्याशिवाय जायचं नाही. आपण होऊन हंडा घेऊन कोणाच्या दारात उभं राहणं म्हणजे त्याच्या घरी अभद्र चिंतणं.

तिकडे येणं मात्र जमणार नाही. पाठ फार धरते. विमानात तर बसवतच नाही.

दिवाळीला मुलगा बोलावतोय. विवेक अ‍ॅशबर्नला असतो, डेटा सेंटरमध्ये. चांगला मुलगा आहे. रविवारी फोन करतो, मी इकडून बोलतो, तो तिकडून बोलतो, ऐकू कोणालाच येत नाही. गेल्या खेपेला तो आला तेव्हा सूनबाईनं हंडा पाहिला आणि पॅटिओत कुंडी म्हणून छान दिसेल म्हणाली. नातीनं, अनिकानं, विचारलं, “Grandpa, is it a drum?” मी हो म्हटलं. एवढं मराठी तिला कळत नाही आणि एवढं इंग्रजी मला बोलवत नाही.

तू आईला एकदा भेटून ये. डायलिसिसवरच्या माणसाला कॉलवर भेटून भागत नाही.

गुरुनाथकाका

सांता क्लारा
१९ जानेवारी २०२५

काका, नमस्कार.

उत्तराला फार उशीर झाला, क्षमा करा. कामं होती.

पुस्तिकेसाठी एक शंका आहे. समजा मरण भारतात झालं आणि घरचं माणूस इथं आहे. त्याला जाता आलं नाही. व्हिसाचे कागद अडकलेत, देशाबाहेर पाऊल टाकलंस तर परत येता येईलच असं नाही, असं वकिलानं सांगितलं, वगैरे. सगळं तिकडे भावानं केलं आणि यानं ते फोनवर पाहिलं. तर अशा माणसाकडे हंडा येतो का? नियम काय आहे ते कळवा.

पुस्तिका छपाईला जायची आहे म्हणून विचारतेय.

निधी

आयसेलिन
३० जानेवारी २०२५

चि. निधीस आशीर्वाद.

बऱ्याच दिवसांनी पत्र आलं. मला वाटलं हंडा देत नाही म्हणून रुसलीस.

शंका चांगली काढलीस, पण नियम स्पष्ट आहे. जिथं देह नाही तिथं आंघोळ नाही आणि जिथं आंघोळ नाही तिथं हंडा नाही. तिकडच्या घराचं तिकडची मंडळी बघते. गाव सोडून इतक्या लांब आलेल्या प्रत्येकानं हंडा मागायचं ठरवलं, तर बिचाऱ्याला अमेरिकेत खाली टेकायला मिळायचं नाही. खुशाल छापून टाक, खाली माझं नाव घातलंस तरी चालेल.

इथं बर्फ पडलंय. दाराबाहेर जाववत नाही. शेजारच्या गुजराती बाई फावडं घेऊन माझी पायरी मोकळी करून गेल्या. मी खिडकीतून हात केला, त्यांनी पाहिला नाही.

आई कशी आहेत? त्यांना एक विचारायचं राहिलंय. आळीच्या तोंडाशी एक चिंचेचं झाड होतं. सगळी आळी त्याच्याच चिंचेनं भांडी घासायची. ते अजून आहे का? आठवणीनं विचार.

गुरुनाथकाका

आयसेलिन
६ मार्च २०२५

निधी,

पाच आठवडे तुझं पत्र नाही. काल राजेश कार्यक्रमाच्या आमंत्रणाचा मजकूर दाखवायला आला होता. खालची सेक्रेटरीची जागा रिकामी दिसली, म्हणून विचारलं. तो मला कागदावर लिहून दाखवतो. त्यानं लिहिलं, निधीची आई जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गेली, निधीला जाता आलं नाही, तिनं सध्या काम सोडलंय. मग माझा चेहरा पाहून त्यानं खाली लिहिलं, काका, तुम्हाला माहीत नव्हतं?

तू मला सांगितलं होतंस. मला ते वाचता आलं नाही. आणि वर मी तुला चिंचेच्या झाडाची चौकशी करायला लावली. ते आठवलं की अन्न गोड लागत नाही.

बोलावल्याशिवाय हंडा न्यायचा नाही, हा नियम मीच तुला लिहून दिला. पण तू बोलावलं होतंस. १९ जानेवारीचं पत्र म्हणजे बोलावणंच होतं. पाच वर्षं ज्या बोलावण्यासाठी हंडा घासत बसलो, ते आलं तेव्हा मी पंचाच्या थाटात निकाल देऊन टाकला. ज्यांनी नियम केले त्यांना एवढंच माहीत होतं, की माणूस मरतो तिथंच त्याची माणसं असतात. पाणी काही फक्त गेलेल्यासाठी तापत नाही. मागं राहिलेल्यानंही अंगावर घ्यायचं असतं. सुलेखाच्या वेळी मी ते घेतलं होतं, तरी माझ्या ध्यानात आलं नाही.

मंगळवारी निघतो. विमानात हंडा हातावेगळा करावा लागेल म्हणून आगगाडीनं येतोय, शिकागोला गाडी बदलून. नको म्हणायचं असेल तर म्हण, पण तुझं पत्र इथं पोचेल तेव्हा मी घरी नसेन. विवेकला कळवलेलं नाही. तो काळजी करेल आणि त्याची समजूत मला फोनवर घालता येणार नाही.

पाठ धरते हे मी खोटं लिहिलं होतं.

गुरुनाथ

सांता क्लारा
३० मार्च २०२५

काका,

तुम्ही सुखरूप पोचल्याचं राजेशदादांनी कळवलं. हे पत्र लिहायला मी रोज बसत होते आणि रोज उठत होते.

तुम्ही आलात तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. पहिला टोला पडला आणि मला वाटलं वरच्या मजल्यावर काही पडलं. दुसऱ्याला समोरच्या घरातला माणूस बाहेर आला, त्याला आगीची सूचना वाटली. तिसऱ्याला कळलं. कसं ते सांगता येत नाही. आईनं सांगितलं होतं तसं ते खरंच पायातून वर आलं. मी लॅपटॉप तसाच उघडा टाकून आले. दारात तुम्ही, चादरीत गुंडाळलेला हंडा पोटाशी धरून, आणि शेजारी तो माणूस पोलिसांना फोन करू का विचारत असलेला. तुम्ही त्याला म्हणालात, “No police. Hot water.” तो बिचारा अजून मला लिफ्टमध्ये जपून हॅलो करतो.

आणि मग ती शेगडी. राजेशदादांना मी हे सांगितलं तर ते फोनवर दोन मिनिटं नुसते हसत होते. आख्खी अमेरिका ओलांडून आलेला तांब्याचा हंडा आणि माझ्या घरात इंडक्शनची शेगडी. तांबं तिच्यावर तापतच नाही, हे तांबटांच्या दोन पिढ्यांपैकी एकालाही आधी सुचलं नाही. तुम्ही बटणं दाबत होतात, हंड्याला हात लावून बघत होतात. तुमचा चेहरा एवढा पडला की मलाच तुमची समजूत घालावी लागली. शेवटी विजेच्या किटलीत पाणी उकळत उकळत हंडा भरला. किती वेळ लागला कोण जाणे. आपण दोघं किटलीकडे बघत उभे होतो. आई गेल्यापासून माझ्याजवळ असं नुसतं कोणी उभं राहिलं नव्हतं. लोकांनी मेसेज केले, ऑफिसनं फुलं पाठवली, मॅनेजरनं टेक ऑल द टाइम यू नीड म्हटलं आणि सोमवारची मीटिंग तशीच ठेवली.

तुम्ही हंडा बाथरूममध्ये ठेवलात, तांब्या माझ्या हातात दिलात आणि दाराबाहेर पाठ करून जमिनीवर बसलात. मी पाणी डोक्यावर घेतलं. तुम्हाला ऐकू येत नाही हे मला माहीत होतं, म्हणून मोठ्यानं रडले. पहिल्यांदाच. त्या दिवशी फोनवर सगळं बघताना मी आवाज म्यूट केला होता, तिकडे माझं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून. तो म्यूट तेव्हापासून काढलाच नव्हता.

बाहेर आले तर तुमचे डोळे लाल. मी विचारलं तर म्हणालात, “जमिनीतून कळलं.”

तुम्ही केलेला पिठलं-भात मी दोनदा वाढून घेतला. मग तुम्ही चप्पल घातलीत आणि ‘येतो’ न म्हणता गेलात. नियम मला माहीत आहे. तरी दार लावल्यावर फार वाईट वाटलं.

निधी

आयसेलिन
१३ एप्रिल २०२५

चि. निधीस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. शेगडीचा विषय आता पुरे. राजेशनं तो सगळ्या न्यू जर्सीभर केला आहे.

तुला एक सांगायचं आहे. घरी आल्यापासून रोज वाटतंय की सांगून टाकावं. हंडा काचेत ठेवायची वस्तू नाही, नियम असा आहे, हे मी तुला लिहिलं ते खरंच होतं. पण तू मागितलास तेव्हा मी नाही म्हटलं ते त्यासाठी नव्हे. हंडा मागायला घरात मागं कोणीतरी उरावं लागतं. माझ्या घरात मीच शेवटचा. मी गेलो तर कोण मागणार आणि कोणाकडे? विवेकला हे काही ठाऊक नाही. त्याला सांगायला लागलो की तो म्हणतो, बाबा, असं बोलू नका ना, आणि विषय बदलतो. फ्युनरल होमचा नंबर त्याच्याकडे आहे. माझ्या मनात असं होतं, की कोणी मागायला नसेना का, हंडा तर घरातच असेल. परका कोणीही आत आला तरी त्याला खिडकीशी तो दिसेल. एवढ्यासाठी मी तो धरून बसलो होतो. मंडळीची वस्तू पाच वर्षं स्वतःसाठी ठेवली म्हण ना.

तो आता तुझ्याकडे आहे. बरोबर जागी आहे. परतीच्या वाटेवर दोन्ही हात मोकळे होते आणि त्यांचं काय करावं ते कळत नव्हतं. गाडीत समोरच्या बाईनं मला सफरचंद दिलं, ते मी शिकागोपर्यंत नुसतं धरून बसलो.

खिडकीशी गालिच्यावर त्याच्या बुडाची गोल खूण राहिली आहे. व्हॅक्यूम फिरवला तरी जात नाही. आणलेली चिंच तशीच पडून आहे. घर होतं तेवढंच आहे, पण रिकाम्या भांड्यासारखं वाजतं. बहिऱ्या माणसानं असं लिहावं याची मलाच गंमत वाटते.

प्रदर्शनाचं तू ठरव. हंडा ज्याच्या घरी, निर्णय त्याचा. काचेत ठेवलास तरी मी काही म्हणणार नाही.

गुरुनाथकाका

सांता क्लारा
२८ एप्रिल २०२५

काका, नमस्कार.

मी सेक्रेटरीचं काम परत घेतलं आहे.

प्रदर्शनात हंडा नसेल. तो कधी, कुठून मागितला जाईल सांगता येत नाही, आणि तेव्हा तो पेटीत कुलूप लावून कसा चालेल? पेटी मात्र बनवून झाली होती, पैसेही गेले होते. ती आम्ही रिकामीच मांडणार आहोत. आत पाटी ठेवलीय, ‘हंडा कामावर आहे’. राजेशदादांना वाटतंय लोक हसतील. हसू देत.

पुस्तिकेतला तुमचा नियम मी छापलेला नाही. इथं असलेल्या माणसाचं दुःख इथंच असतं, देह कुठेही असो, असं लिहिलं आहे. आणखी एक नियम घातला. तुम्हाला न विचारता घातला. जिथून मागायला कोणी उरलेलं नाही, तिथं हंडा न मागता जातो.

एवढ्यावर मी थांबले नाही, आता रागवायचं तर रागवा. विवेकदादांना फोन केला. त्यांना हंडा म्हणजे बाबांचं जुनं भांडं एवढंच माहीत होतं. मी तुमच्या कॅलिफोर्नियाच्या प्रवासापासून सगळं सांगितलं, गालिच्यावरच्या खुणेपर्यंत. ते म्हणाले, “बाबांनी मला हे कधी सांगितलं नाही.” मी म्हटलं, सांगितलं असेल, तुम्ही विषय बदलला असेल. मग मलाच वाटलं की फार बोलले, कारण आईनं शेवटी शेवटी असंच काही काढलं की मीही विषय बदलायचे. माझा नंबर त्यांनी लिहून घेतला. मी त्यांना म्हटलं, तो मोठ्या अक्षरात कुठेतरी लावून ठेवा. मला कोणत्याही वेळी उठवा, मी हंडा मांडीवर घेऊन निघेन. काका, शेगडी तुमच्याकडे गॅसची आहे ना, तेवढं मात्र मी आत्ताच विचारून ठेवते.

ते झाडाचं मी मामाला विचारलं. चिंच अजून आहे. अर्धी वाळली आहे, अर्धीला अजून चिंचा धरतात.

कार्यक्रम चौदा जूनला आहे. माझ्या घरी दुसरी खोली रिकामी आहे. माझं घर दुःखाचं राहिलं नाही असं मी म्हणणार नाही, पण आता तिथं रोज चूल पेटते. त्या दिवशी दारातून जाताना तुम्ही जे म्हणाला नाहीत, ते आता म्हटलं तर चालेल. पत्रातून म्हणा.

निधी

आयसेलिन
७ मे २०२५

चि. निधीस अनेक आशीर्वाद.

नव्या नियमाबद्दल पंच म्हणून माझी हरकत असायला हवी. नाही.

रविवारनंतर आज बुधवारीसुद्धा विवेकचा फोन आला. उशाशी दिवा लागला. मी उचलून कानाला लावला. नेहमीसारखंच काही कळलं नाही, पण या वेळी मी माझं बोलणं सुरू केलं नाही, तो थांबेपर्यंत नुसता धरून बसलो. बराच वेळ बोलत होता बहुतेक.

गॅसची आहे शेगडी.

या वेळी विमानानं निघेन. हातात काही नसेल. फक्त ती चिंच आणतो, हंडा काळा पडला असेल तर घासून देईन.

येतो.

गुरुनाथकाका